फिजिक्स सोडून रंगांकडे जाऊ का?

(पत्र लांब होतं, सारांश देत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

लातूरच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. वय ४८. गेली वीसेक वर्षं त्या खासगी क्लासमध्ये अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतात. यजमान जिल्हा परिषदेत, मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, सासूबाई घरी. गेल्या वर्षी त्यांनी पुण्यात ‘एक्स्प्रेसिव्ह आर्ट्स’ची दोन दिवसांची कार्यशाळा केली. चित्र, माती, हालचाल, आवाज, गोष्ट, लिखाण असं काहीही हाताशी घेऊन माणसांना मनातलं बाहेर काढायला मदत करायची, असं हे काम. ‘इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कुणी बरोबर उत्तर विचारलं नाही,’ असं त्या लिहितात.

परत आल्यावर एका रविवारी दुपारी त्यांनी क्लासशेजारच्या हॉस्टेलवर आपल्याच बॅचच्या अकरा मुलींना बसवलं आणि ‘घर’ या विषयावर चित्र काढायला सांगितलं. एक मुलगी हमसून हमसून रडली. तिला पाहून आणखी दोघी-तिघी. बाईंनी तिला जवळ घेतलं, तेवढ्यात मेसची वेळ झाली आणि सगळ्या उठल्या. नंतर दोन दिवस ती क्लासला आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, काही बोलली नाही. ‘त्या रविवारी मला कळलं, आपलं काम हेच.’

आता एका परदेशी संस्थेचा सहा महिन्यांचा ऑनलाइन डिप्लोमा त्यांनी हेरला आहे. फी १,८०,००० रुपये, हप्त्याने. बरेचसे धडे रेकॉर्ड केलेले. जूनमध्ये क्लासचा राजीनामा द्यायचा विचार आहे. यजमान म्हणतात, ‘चित्रं काढून कुणाचं घर चाललंय?’ बाईंचे चार प्रश्न आहेत: वय उलटून गेलं का? मला चित्रकला येत नाही, चालेल का? कर्ज काढून डिप्लोमा करू का? आणि लातुरात असं काम मिळेल का?

—

ताई,

चारातले दोन प्रश्न आधी उरकून टाकू. वय उलटलेलं नाही. या कामात चार केस पिकलेले असले तर समोरचा लवकर विश्वास ठेवतो. बावीस वर्षांच्या पोरीने पंचावन्नच्या बाईला ‘मनातलं कागदावर उतरवा’ म्हटलं, की ती बाई आधी त्या पोरीलाच न्याहाळते. आणि चित्रकला येत नाही हे तर बरंच आहे. ज्यांचा हात चांगला, त्यांचा निम्मा वेळ चित्र चांगलं दिसावं यात जातो, आणि बाकीच्यांचं त्यांच्या कागदाकडे बघून अवसान गळतं. इथे रेघ सुबक आली का, हे कुणी बघत नाही. हात कुठे अडला, काय खोडलं, कोणता खडू उचलून परत ठेवला, हे काढणाऱ्याने स्वतःच बघायचं असतं.

‘दुसरं करिअर’ या शब्दांनीही उगाच दडपण घेऊ नका. आपल्या मराठवाड्यात एका धंद्यावर घर चालवलेलं मी फार कमी पाहिलंय. मास्तर शेती करतो, तलाठ्याचा भाऊ दूध डेअरी चालवतो, शिलाई मशिनवरची बाई भिशी सांभाळते. पहिलं सोडलं की दुसरं सुरू होतं, ही रीत आपली नव्हे. पाऊस कधी दगा देईल सांगता येत नाही, म्हणून दोन दोऱ्या धरून राहायचं आपण आजोबांकडूनच शिकलो. त्यामुळे जूनमध्ये राजीनामा या कल्पनेवर मी आत्ताच काट मारते. का, ते पुढे येईल.

कर्ज आणि काम यांच्याकडे वळण्याआधी मला तुमच्या पत्रातल्या एका ओळीपाशी थांबायचंय. ‘नंतर दोन दिवस ती क्लासला आली नाही.’ एवढं लिहून तुम्ही पूर्णविराम दिलात आणि पुढे गेलात. माझं बहुतेक सगळं उत्तर त्या दोन दिवसांबद्दल आहे.

लातूरच्या क्लासला येणारी पोरं कुठून येतात, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. हिंगोली, किनवट, गंगाखेड, परळी. सोयाबीनच्या पट्टीतून, कधी जमिनीचा तुकडा देऊन फी भरलेली असते. सोळा-सतरा वर्षांची मुलगी, कॉट बेसिसवर तिघींत एक खोली, रविवारी सकाळी टेस्ट, आणि दुपारी तुमचा कागद. त्यावर विषय ‘घर’. ती फुटली. मग मेसची वेळ झाली आणि ती तशीच, अर्धी रडून, ताटावर जाऊन बसली. त्या रात्री खोलीत काय झालं, तुम्हाला माहीत नाही. ती दोन दिवस पांघरूण ओढून पडली असेल, घरी फोन करून भांडली असेल, कदाचित नुसता ताप असेल. तुम्हाला तिचं रडणं खूण वाटली. मला त्यातून इतकंच दिसतं की घरापासून लांब असलेल्या पोरीला घराचं चित्र काढायला लावलं की रडू येतं. ते कुणालाही जमेल.

वाईट वाटून घेऊ नका. तुमचा हेतू चांगला होता, आणि अकरा मुली रविवारची दुपार तुमच्यासाठी राखून ठेवतात यातच तुमच्याबद्दल पुष्कळ काही आलं. पण या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा एक समज असतो, तो तुमच्याही पत्रात आहे: माणूस रडला म्हणजे काम झालं. रडवण्याला फारसं कसब लागत नाही. लग्नात पाठवणीच्या वेळी सनईवाला एक सूर धरतो आणि सगळा मांडव रडतो. पण तिथे पुढचंही ठरलेलं असतं. ओटी भरायची, गाडीच्या चाकाखाली नारळ ठेवायचा, सोबत पाठराखीण द्यायची, आणि मग मांडवपरतणीला पोरगी पुन्हा माहेरी येऊन दोन दिवस राहते. रडल्यावर माणसाने कुठे जायचं, कुणी सोबत जायचं, हे जुन्या बायकांनी आधीच बांधून ठेवलं आहे. तुमच्या रविवारी पुढचं काही बांधलेलं नव्हतं. शिकायचं आहे ते हे.

तसं बांधायचं म्हणजे काय? पहिल्या भेटीला ‘घर’, ‘आई’, ‘बालपण’ हे विषय नकोत. ‘आज थकवा अंगात कुठे बसलाय, तिथे एक रंग द्या’ इतकं पुरे. बोलायची सक्ती नाही, कागद पालथा ठेवायची मुभा सगळ्यांना, हे सुरुवातीलाच मोठ्याने सांगायचं. खोलीत तुमच्याखेरीज आणखी एक मोठं माणूस हवं; कुणी उठून बाहेर गेलं तर मागे जायला. दीड तासाच्या बैठकीत शेवटची वीस-पंचवीस मिनिटं रंग बाजूला ठेवून, हात धुऊन, पाणी पिऊन, उभं राहून चार पावलं चालण्यासाठी. चित्राचं काय करायचं ते जिचं तिने ठरवायचं: घडी घालून न्यायचं, फाडायचं की तुमच्याकडे ठेवायला द्यायचं. भिंतीवर लावायचं नाही आणि क्लासच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो तर मुळीच नाही. दुसऱ्या दिवशी प्रत्येकीची विचारपूस. आणि कुणाची अडचण आपल्या आवाक्याबाहेरची निघाली तर कुणाकडे पाठवायचं, त्याचं नाव आणि नंबर बैठकीच्या आधीच खिशात.

त्या मुलीला आजही भेटता येईल. बॅचसमोर नको, बाजूला बोलवा. ‘त्या रविवारनंतर कसं गेलं तुझं?’ एवढंच विचारा. चित्राचा अर्थ सांगू नका, विचारूही नका. काही बोलावंसं वाटलं नाही तर तिला बोलावंसं वाटलं नाही, झालं. पण झोप नाही, जेवण नाही, ‘जगून काय करायचं’ अशी भाषा निघाली तर त्याच दिवशी घरच्यांना कळवा आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जा. लातुरात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. तो नंबर हॉस्टेलच्या फळ्यावरही लिहून ठेवायला हरकत नाही.

आणखी एक गोष्ट कार्यशाळांत सहसा घाईत सांगतात, म्हणून इथे सावकाश सांगते. अठराच्या आतल्या मुलामुलींबरोबर असं काम करताना कधीतरी एखादं मूल लैंगिक अत्याचाराबद्दल बोलतं. २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार असं कळल्यावर ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे; गप्प बसणं हाच गुन्हा ठरतो. तेव्हा ‘तू सांग, मी कुणाला सांगणार नाही’ हे वचन तुम्ही कधीच देऊ शकत नाही. आधीच सांगायचं: ‘तुला धोका आहे असं वाटलं तर मला बोलावं लागेल, पण तुला आधी सांगून, तुझ्यासोबत राहून.’ मुलांसाठीचा १०९८ हा नंबरही माहीत असू द्या.

आता माझा सगळ्यात मोठा आक्षेप. तुमच्याच विद्यार्थिनींबरोबर हे काम तुम्ही करू नये, असं माझं मत आहे. तुम्ही त्यांच्या फिजिक्सच्या मॅडम. कुणाला पहिल्या बॅचमध्ये ठेवायचं यात तुमचा शब्द चालतो. रविवारी जिने तुमच्यासमोर बापाचं दारूचं व्यसन रंगवलं, तिला सोमवारी फळ्यापुढे उभी करून तुम्ही ‘सोडव’ म्हणणार. ती ‘नको’ कशी म्हणेल? रविवारी येणार नाही असंही ती तुम्हाला सांगू शकणार नाही, मॅडमना राग येईल म्हणून. एकाच माणसाने परीक्षाही घ्यायची आणि मनही मोकळं करून घ्यायचं, हे दोन्ही नाती बिघडवतं. वर्गातल्या मुलींसाठी काही करायचंच असेल तर तास सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं वहीच्या मागच्या पानावर हवं ते गिरवू द्या. कुणी विचारायचं नाही, कुणी बघायचं नाही, तुम्हीही नाही. त्याचं नावही ठेवू नका.

हे माझं सोवळं नव्हे. या क्षेत्राची बांधणी १९७०च्या दशकात अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या लेस्ली कॉलेजात झाली. शॉन मॅकनिफ, पाओलो क्निल ही तिथली नावं. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या कन्या नताली रॉजर्स यांनी आपली पद्धत बसवली, हालचालीतून चित्राकडे, चित्रातून लिखाणाकडे, लिखाणातून आवाजाकडे असं माध्यम बदलत जाण्याची. १९९४ साली स्थापन झालेली या लोकांची आंतरराष्ट्रीय संघटना दोन निराळ्या नोंदण्या ठेवते: एक थेरपिस्टची, दुसरी सल्लागार-शिक्षकाची. म्हणजे आजार हाताळणारा वेगळा आणि गटाबरोबर कलेतून काम करणारा वेगळा, हे त्यांनीही पक्कं केलं आहे. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. फॅसिलिटेटर, म्हणजे असा गट चालवणारा, हे मात्र कुणीही कार्डावर छापू शकतं, आणि त्यामुळेच त्याची लाज राखणं ज्याच्या त्याच्या हातात उरतं. तुम्ही दुसऱ्या बाजूच्या आहात. ‘थेरपी’ हा शब्द पाटीवर, पत्रकावर, तोंडातही येऊ देऊ नका. त्या शब्दाने फी वाढते आणि डिप्रेशनची गोळी बंद करून माणसं तुमच्याकडे येतात.

मग सुरुवात कुणाबरोबर? मोठ्यांबरोबर. ज्यांची परीक्षा तुम्ही घेत नाही आणि जी ‘नको’ म्हणू शकतात अशी माणसं. गल्लीतला बचत गट, ज्येष्ठ नागरिक संघ, निवृत्त शिक्षिका, नर्सेस. आणि पहिले काही महिने तुम्ही चालवायचं नाही; चालवणाऱ्या माणसाच्या हाताखाली चटया अंथरायच्या, कागद वाटायचे, कोपऱ्यात बसून बघायचं.

इथे तुमच्या परदेशी डिप्लोम्याची एक गंमत सांगते. अशा अभ्यासक्रमांत हमखास एक ध्यान असतं: डोळे मिटा, वाहतं पाणी डोळ्यांसमोर आणा. लातूर म्हणजे २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं शहर. इथल्या बायकांना ‘वाहतं पाणी’ म्हटलं की घागरी आठवतात, टँकरमागची भांडणं आठवतात. शांत बिंत काही वाटत नाही. ‘घर’ हा विषय तर औसा-उमरग्याकडच्या पन्नाशीच्या माणसांसमोर फारच जपून काढायचा. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात त्यांच्यातल्या कितीजणांनी दगडा-मातीच्या भिंतीखालून माणसं उपसली आहेत. अशा गटात घर काढायला सांगायचंच असेल तर ते तिसऱ्या-चौथ्या भेटीत, आणि सोबतीला कुणीतरी जाणकार घेऊन. कोणत्या साध्या शब्दाखाली काय पुरलेलं आहे, हे इथे राहणाऱ्याला ठाऊक असतं, आणि ती तुमची जमेची बाजू आहे. ती कुठल्याही व्हिडिओत मिळत नाही.

साधनंही इथलीच घ्या. तैलखडूंचा डबा आणि पाठकोरे कागद ठीकच, पण चाळिशीपुढच्या कुणाच्याही हातात काळ्या मातीचा गोळा द्या, तो आधी बैल करतो. पोळ्याला केलेले बैल हाताला आठवतात. ‘मला येत नाही’ हे वाक्य तिथे निघतच नाही. उमरग्याकडच्या एका बचत गटाची बैठक मी बसून पाहिली आहे. देवळाच्या सभामंडपात पोतं पसरून बाया मातीला बसल्या होत्या. चालवणारी बाई वीस मिनिटं एक शब्द बोलली नाही, नुसती स्वतःही माती मळत राहिली. सत्तरीच्या एका आजींनी बैल केला, एकाच शिंगाचा. शेजारणीने हसून विचारलं, ‘दुसरं कुठं गेलं गं?’ आजी म्हणाल्या, ‘असाच व्हता.’ मग कुणीतरी ओवी धरली, दोघींनी ओढली. चालवणाऱ्या बाईने ‘तुम्हाला काय वाटतंय’ असं एकदाही विचारलं नाही. शेवटी घमेलं फिरवलं: कुणाला न्यायचं त्यांनी न्या, नाहीतर माती परत. आजींनी बैलावर पाण्याचा हात फिरवून तो स्वतःच सपाट केला आणि गोळा घमेल्यात टाकला. त्यांना काय झालं, ते त्यांना माहीत. त्या बाईचं वीस मिनिटांचं गप्प बसणं मात्र मी आजही नव्या लोकांना सांगते. वर्गात तीन सेकंद उत्तर आलं नाही की आपण शिक्षक लोक स्वतःच सांगून मोकळे होतो. तुम्हाला सर्वात जड तेच जाणार आहे.

ओव्यांचं वेगळं सांगायला नको. जात्यावर बसलेल्या बाईने सासू, भाऊ, दुष्काळ, बाबासाहेब सगळं त्या दोन ओळींत बसवलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांच्या गटाने गावोगाव हिंडून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, त्यांत माजलगावच्या भीमनगरातल्या बायांच्याही आहेत. ज्या बाईला चित्र काढायला लाज वाटते, तिला ‘पहिली माझी ओवी’ एवढे तीन शब्द द्या आणि पुढचं तिच्यावर सोडा.

आता पैशाचं. हा डिप्लोमा घेऊ नका. रेकॉर्ड केलेल्या धड्यांतून माहिती मिळते, पण रडणाऱ्या माणसासमोर बसायला शिकवायला समोर माणूसच लागतो. कोणत्याही संस्थेत पैसे भरण्याआधी विचारा: प्रत्यक्ष गट किती चालवायला मिळतील? ते कोण बघणार, आणि चुकलं तर कोण सांगणार? मला स्वतःला सहभागी म्हणून किती तास बसावं लागेल? गटात कुणाची अवस्था बिघडली तर काय करायचं, हे शिकवता का? मध्येच सोडलं तर पैसे परत मिळतात का? यांची उत्तरं गुळमुळीत आली तर प्रमाणपत्रावर कितीही सोनेरी शिक्का असो, पुढे जा. ‘जागतिक मान्यता’ असं कुणी म्हणालं तर कुणाची मान्यता, ते नाव कागदावर मागा. पुण्यातली वर्ल्ड सेंटर फॉर क्रिएटिव्ह लर्निंग ही संस्था आर्ट्स बेस्ड थेरपीचं प्रशिक्षण देत आली आहे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने ‘कोलकाता संवेद’ या संस्थेबरोबर नृत्य-हालचालीच्या थेरपीचा अभ्यासक्रम चालवला आहे. दोन्हीकडे चौकशी करा, सध्या काय चालू आहे ते त्यांनाच विचारा. आणि जवळचं विसरू नका. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातल्या नाट्यशास्त्र विभागातून शिकून गेलेली माणसं मराठवाडाभर आहेत, तुमच्या लातुरातही भेटतील. गटाला उठवायचं कसं, हसवायचं कसं, वर्तुळ मोडायचं कसं, हे त्यांच्याइतकं कुणाला येत नाही. मानसिक आरोग्याचं त्यांना कळतंच असं नाही, पण तुम्हालाही अजून कुठे कळतंय.

यजमानांचं वाक्य टोचलं असेल, पण त्यांचा प्रश्न मला वाजवी वाटतो. मुलीचं इंजिनिअरिंग अजून वर्षभर आहे, सासूबाईंचं औषधपाणी आहे, आणि ज्या कामातून पहिली दोन वर्षं प्रवासखर्चही निघेलच असं नाही त्यासाठी कर्ज काढायचं म्हटलं तर कुणीही विचारेल. त्यांना ‘तुम्हाला कलेचं काय कळतं’ असं म्हणू नका. ‘कर्ज नाही, राजीनामा नाही, आठवड्यातला एक दिवस मात्र माझा’ असं सांगून बघा. हो म्हणतील असं माझं मन सांगतं. क्लासवाल्यांशीही तेच बोला: एक बॅच कमी, पगार त्या प्रमाणात कमी, शनिवार मोकळा. अनुभवी फिजिक्सचा शिक्षक लातुरात सहजासहजी सोडायला कुणी तयार नसतो. शिवाय तुमचं वर्ष बांधलेलंच आहे. ‘नीट’ची परीक्षा मे महिन्यात होते, नव्या बॅच जूनमध्ये भरतात. मधले काही आठवडे मोकळे. प्रशिक्षणाचे निवासी टप्पे तिथे बसवता येतात. येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, तर अख्खं लातूर शेतात असतं, त्या दिवशी कुणी बैठक मागितली तरी ठेवू नका.

लातुरात काम आहे का? आहे, पण पाटी लावून बसल्यावर चालून येईल असं नाही. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लासेससाठी सूचना काढल्या, त्यात मुलांच्या मानसिक आरोग्याचा आणि समुपदेशनाचा भाग आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांना आणि क्लासेसनाही निर्देश दिले. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा असं त्यात म्हटलं आहे. ती जागा तुमची नाही, त्यासाठी वेगळं शिक्षण लागतं. पण जिथे असा समुपदेशक आहे तिथे त्याच्या सोबतीने गट चालवायला माणूस लागतो, आणि हॉस्टेलचं जग तुम्हाला आतून माहीत आहे. फक्त तो क्लास तुमचा स्वतःचा नसावा. त्याखेरीज विशेष मुलांच्या शाळा आहेत, व्यसनमुक्ती केंद्रं आहेत, ऊसतोडीच्या हंगामात मागे राहणाऱ्या मुलांची वसतिगृहं बीडकडे आहेत. मराठवाड्याचे आठही जिल्हे राज्य सरकारच्या शेतकऱ्यांसाठीच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात आहेत. त्यात आशाताई दारोदार फिरून खचलेली माणसं शोधतात. त्या आशाताईंचा स्वतःचा शीण कोण काढतो? एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांशी बोलून महिन्यातून एकदा त्यांच्यासाठी बैठक ठेवता आली, तर तुमच्या पहिल्या वर्षाला यापेक्षा चांगला गट मला सुचत नाही. सगळ्या मोठ्या आहेत, एकमेकींना ओळखतात, ‘नको’ म्हणायला घाबरत नाहीत आणि वेळेवर उठून जातात.

मानधनाचं पहिल्या दिवसापासून स्पष्ट ठेवा. शिकत असताना एखादा गट विनामोबदला करा, पण किती बैठकी ते आधी ठरवून. नंतर प्रत्येक संस्थेला एका कागदावर लिहून द्या: मानधन इतकं, प्रवासखर्च वेगळा, साहित्य तुमचं की त्यांचं, एका वेळी पंधराच माणसं, दार बंद होणारी खोली, मध्ये भाषण नाही, फोटोग्राफर नाही. पंधरा म्हटल्यावर ते चाळीस बसवतील. तुम्ही चाळीसजणांसमोर फिजिक्सचा तास घ्या आणि परत या. आणि ज्यांनी मागच्या खेपेला शाल-श्रीफळ देऊन बोळवण केली, त्यांचा पुन्हा फोन आला तर तारीख सांगण्याआधी एसटीचं भाडं विचारा.